जत्रेत मोजलेली पोरं

चांगुणाबाई: पोरं खोटी नव्हती गो बाय. तुज्या डोल्यांसमोर उभी केली व्हती. खरीच पोरं. फकस्त आमची नव्हती.

अरुणा: तुमची नव्हती म्हणजे? मग कोणाची होती?

चांगुणाबाई: कोन दिवाले गावची, कोन उरनची, दोगंतिगं पार पनवेलच्या अंगची. तू चैत्रात आलीस ना पोरं मोजाला?

अरुणा: चैत्रातच. शाळा जूनमध्ये उघडायची तर नावं आधी लिहून न्यावी लागतात.

चांगुणाबाई: आनि आमच्या देवीची जत्रा कवा असते?

अरुणा: ते मला कसं माहीत असणार, मावशी?

चांगुणाबाई: आता घ्या. डोक्यावर पताका व्हत्या, देवलाम्होरं बेंडबाजा व्हता, घराघरात कोंबडी शिजत व्हती. तुला काय वाटलं, कोलवाड्यात रोज असंच असतं?

अरुणा: खरं सांगू? मला वाटलं, दर्याची माणसं आहेत, खाऊनपिऊन सुखी असतील.

चांगुणाबाई: तुज्या तोंडात साखर पडो.

अरुणा: हसू नका, मावशी. मी प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला होता. घरात शाळेजोगी मुलं किती? तुम्ही सगळ्यांनी पोरं अंगणात आणून उभी केलीत. नावं सांगितलीत. मी लिहून घेतली.

चांगुणाबाई: मंग घरात व्हती ती सांगली. माजी बहीन भिमा ओट्यावर बसलेली, तिचे पोरगे अंगनात. तिच्या तोंडावर मी बोलू, ये आमचे नाय, पाहुने हाईत? जत्रेला आलेल्या माहेरवाशिनीच्या पोराला पाहुना बोलत नाय बाय. देवी कोपते. आनि बहीन कोपते ती देवीच्या आदी.

अरुणा: सगळ्याच घरांत असं झालं?

चांगुणाबाई: जत्रा काय माज्या एकटीची व्हती?

अरुणा: आणि मी पावसाळाभर वाट बघत बसले. जूनमध्ये म्हटलं, पाऊस आहे. श्रावणात म्हटलं, नारळी पुनव झाली की येतील. मग गणपती झाले, दिवाळी झाली. कचेरीतून विचारलं की तेच कळवायचे, पट मोठा आहे, मुलं येतील हळूहळू. मला कोणी तरी आधीच सांगायचं नाही का?

चांगुणाबाई: आमाला वाटलं, सरकारला एवरीच पोरं पुरतान. तू रोज येत व्हतीस, दहाबारा पोरांना घेऊन बाराखडी म्हनत व्हतीस, तुजा चेहरा बी बरा असायचा. मी बोललू, चाललंय हिचं.

अरुणा: नाही चाललेलं. शुक्रवारी साहेब येणार आहेत तपासायला. पंचवीस मुलं समोर बसलेली दिसली तर ही शाळा राहील आणि मीही राहीन. नाही तर दोन्ही बंद. तुमच्या पोरांनी परत दिवाळ्याच्या शाळेत जायचं.

चांगुणाबाई: भरतीला वाट बुडते तिकडची. म्हनून तर शाला मागितली आमी.

अरुणा: ते तुम्ही साहेबांना सांगा. मी सांगून उपयोग नाही, माझा स्वार्थ दिसेल.

चांगुणाबाई: गोजरा! बाईला पानी आन. नि पोराला खाली ठेव, रडत नाय तो आता... तुज्या घरी कोन कोन हाय, अरुना?

अरुणा: आई, दोन लहान भाऊ आणि दादा, म्हणजे माझे वडील. ऐरोलीला भाड्याची खोली आहे. दादांचा हात कंपनीत मशीनमध्ये गेला. आता त्यांना गेटवर बसवतात. तेही साहेब लोकांच्या मनात आहे तोवर.

चांगुणाबाई: गाव?

अरुणा: परभणीकडचं. तिकडं आता काही नाही आमचं. एक मामा आहेत, ते दर उन्हाळ्यात माझ्यासाठी एक स्थळ घेऊन येतात. मी म्हणते, नोकरी लागू दे. दोन वर्षं तेच म्हणत होते. डी.एड. होऊन ठाण्यापासून अलिबागपर्यंत मुलाखती दिल्या, मावशी. एकीकडे म्हणाले, अनुभव नाही. दुसरीकडे म्हणाले, लग्न झालं की सोडून जाल. तिसरीकडे नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग त्यांना विचारायचं काही उरलंच नाही.

चांगुणाबाई: इकरं कोनी काय इचारलं?

अरुणा: नाही. मीच सांगितलं होतं. देवळाच्या पायरीखाली उभी राहून म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत, वर्ग देवळाच्या मंडपात भरणार आहे, तर आधी सांगते. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?

चांगुणाबाई: चपला काढ नि आत ये, बोललू. तुजे पाय चिखलाचे व्हते.

अरुणा: मला ही शाळा सोडायची नाही. भीती वाटते, मावशी. पुन्हा तो फायलीचा गठ्ठा काखेत मारून दारोदार फिरायची माझ्यात आता ताकद नाही.

चांगुणाबाई: मंग डोक्याला ताप कशाला करून घेतंस? पोरं गेल्यात कुटं? दिवाल्यालाच हाईत ना? मी आज निरोप धाडते भिमाला. बाकीच्या पन आपापल्या बहिनींना सांगतीन. शुक्रवारी सगली पोरं हजर. देवी नाय, पालखी नाय, पन एक दिसाची जत्रा समज.

अरुणा: म्हणजे साहेबांना फसवायचं?

चांगुणाबाई: फसवायचं कसं? कागदावर त्यांचीच नावं हाईत ना? ज्याचं नाव तोच पोर. यात खोटं काय?

अरुणा: काहीच नाही. हेच तर वाईट आहे.

चांगुणाबाई: पानी पी. गोजरा, चा ठेव बाईला. नि वलांडीच्या बांबूंवर बघ, कावले बसले सुक्या बोंबलांवर. हाकल त्यांना. पोराला काखेत घेऊन जा, खाली ठेवू नको, चिखल हाय.

अरुणा: एवढी कामं एका दमात? केवढी आहे ही?

चांगुणाबाई: नातीन माजी. लेक नि सून व्होरीवर जातान मासली धराला, मी जाते वाशीला सेक्टरात मासली घेऊन. घर हिच्यावर. कावल्यांच्या बाबतीत एकदम हुशार. नुसती काठी आपटली की कोन नाय येत तिच्या वलांडीवर.

अरुणा: मावशी, हिला मोजली होती का?

चांगुणाबाई: कुटं?

अरुणा: चैत्रात. मी अंगणात उभी राहून नावं लिहीत होते तेव्हा.

चांगुणाबाई: तिला कशाला मोजायची? ती घरातली.

अरुणा: मी तेच विचारलं होतं. घरात मुलं किती. बहिणीची पोरं आपली म्हणून सांगितलीत. आणि ही कुठं होती त्या दिवशी?

चांगुणाबाई: आत. भाकऱ्या थापत. पाहुने व्हते ना घरात.

अरुणा: मला चहा हिनंच आणून दिला होता. आता आठवतंय. परकरावर पीठ होतं. मी कपबशी घेतली, परत दिली आणि बाहेरची पोरं मोजत राहिले. डी.एड.ला पहिली आलेल्या बाईला दिसली नाही, तिथं तुम्हाला काय बोलू. अशा किती असतील वस्तीत?

चांगुणाबाई: व्हतीन. सितारामाची पुतला, नामाच्या दोगी. घरटी एक तरी हाय. पन त्यांचं नाव काडू नको.

अरुणा: का नको?

चांगुणाबाई: गोजराला शालेत बसवली तर बोंबील कावल्यांच्या पोटात. पोराला धरील कोन? सून मचव्यावरून उडी मारून येईल का? तू मास्तरीन हायस, तुला काय कलतंय. ज्याचं जलतं त्याला कलतं.

अरुणा: वलांडी देवळापासून दिसते, मावशी. तिला दाराशी बसवीन. मधेच उठून काठी आपटून आली तरी चालेल मला.

चांगुणाबाई: नि काखेतलं पोर?

अरुणा: तेही आणू द्या.

चांगुणाबाई: आज एक पोर आनील, उद्या दहा पोरी दहा पोरं घेऊन येतीन. तू क शिकवशील का मूत पुसशील? नको ते. मी निरोप धाडते भिमाला. चा पी नि गप घरला जा.

*

अरुणा: मावशी, थांबा जरा. टोपली खाली ठेवा. कालपासून तुम्हालाच शोधतेय.

चांगुणाबाई: सेक्टरात पापलेट मागतान आनि मांदेलीचा भाव बोलतान. त्यांच्यापायी उशीर झाला. बोल.

अरुणा: पाहुण्यांना बोलावू नका.

चांगुणाबाई: आता? शुक्रवार उद्यावर आला.

अरुणा: मी खूप विचार केला. उद्या मुलं दिसतील, साहेब सही करतील, मी राहीन. मग सोमवारी परत तीच दहाबारा. पुढल्या वर्षी साहेब परत आले की परत जत्रा. किती जत्रा करणार तुम्ही?

चांगुणाबाई: देवी आमची एक जत्रा वरसाला मागते, सरकार दुसरी मागील. करू.

अरुणा: मला नाही जमणार ते. रोज हजेरी घेताना दिवाळ्याच्या पोरांची नावं वाचायची, कोणीच हजर म्हणायचं नाही, आणि मी पुढं जायचं. पाच महिने पावसावर ढकललं. आता माहीत असून कसं करू?

चांगुणाबाई: निरोप गेला बाय. भिमा येते, उरनची येते, सगल्या येतान. पोरांना अंघोल घालून. बहिनीला बोलावलं नि मंग बोललं येऊ नको, असं आमच्यात करत नाय. तसं केलं तर ती मयताला बी येत नाय.

अरुणा: मग येऊ दे. पण साहेबांना मी खरं सांगेन.

चांगुणाबाई: नोकरी जाईल.

अरुणा: जाईल.

चांगुणाबाई: बापाला काय सांगशील?

अरुणा: ते अजून ठरवलेलं नाही.

चांगुणाबाई: हट्टी हायस. टोपलीला हात लाव. डोक्यावर दे.

*

(शुक्रवार, सकाळ. देवळाचा मंडप पोरांनी गच्च भरलेला. साहेब अजून पोचायचे आहेत.)

अरुणा: मावशी, या मुली? ही पुतळाच ना? आणि गोजरा?

चांगुणाबाई: हो.

अरुणा: तुम्ही तर म्हणाला होता—

चांगुणाबाई: बोललू व्हते. पन बहिनी आल्या ना पोरांसंगती. नुसत्या बसून काय करतीन? भिमा बसली माज्या वलांडीवर, उरनची बसली नामाच्या. तानी पोरं बी त्यांच्याच मांडीवर. मंग पोरी मोकल्या झाल्या. मोकल्या पोरी घरात गोंधल घालतान, म्हनून इकरं आनल्या.

अरुणा: एवढंच?

चांगुणाबाई: एवरंच. आनि ती गोजरा काल रातभर इचारत व्हती, मला मोजली का, असं बाईनी कशाला इचारलं. झोपू देईना. साहेब आला बघ.

साहेब: नमस्कार. देवळातच भरते का शाळा? हरकत नाही, छप्पर आहे. अहो, पट तीस-बत्तीसचा कळवलाय तुम्ही, आणि इथं तर चाळीस-पंचेचाळीस तरी दिसताहेत. मी प्रथमच असा वर्ग बघतोय, जिथं कागदापेक्षा मुलं जास्त आहेत.

अरुणा: सर, ही उजवीकडची मुलं इथली नाहीत.

साहेब: पण यादीतली नावं तर... तुझं नाव काय रे? हं. हे यादीत आहे. तुझं? हेही आहे. सगळी जुळताहेत की.

अरुणा: जुळतात. पण ही राहतात दिवाळ्याला, उरणला. चैत्रात जत्रेसाठी आली होती, तेव्हा मी मोजली. वस्तीतल्या लोकांनी फसवलं नाही, सर. चूक माझी. आज ती तुमच्यासाठी म्हणून आली आहेत.

साहेब: आणि या डावीकडच्या मुली?

अरुणा: या इथल्या.

साहेब: म्हणजे जी यादीत आहेत ती इथली नाहीत, आणि ज्या इथल्या आहेत त्या यादीत नाहीत.

अरुणा: हो, सर.

साहेब: बाई, तुम्ही नवीन आहात म्हणून विचारतो. हे मला सांगायची काय गरज होती? मी नावं ताडली असती, चहा घेतला असता आणि गेलो असतो.

अरुणा: तुम्ही गेल्यावर मला शिकवायचं आहे ना. यादीला कसं शिकवू?

साहेब: हं. खुर्ची आहे का? नसू दे, इथं पायरीवर बसतो. यातली रोज येतात ती कोण?

अरुणा: पुढची दहाबारा मुलं.

साहेब: त्यात या मुली धरल्या तर पंचवीस होतात?

अरुणा: थोडी जास्तच होतात, सर. मी सकाळपासून तीनदा मोजली.

साहेब: दाखल करून घ्यायला वर्षभर मुभा आहे, तो प्रश्न नाही. जन्मतारखा लागतील. या मुलीचं कोण आहे? तुम्ही? हिची जन्मतारीख?

चांगुणाबाई: तारीख कोनी बघितली? उधान व्हतं त्या दिशी. वाशीचा पूल चालू झाला त्या वरसाला, होली सरल्यावर. पूल बघाला सगली गेली आनि ही आली.

साहेब: म्हणजे आठ पुरी झाली. आठ वर्षं हिला शाळेत का नाही घातली?

चांगुणाबाई: शाला कुटं व्हती, साहेब? दिवाल्याची वाट भरतीला बुडते.

साहेब: ती मुलग्यांसाठीही बुडतच असेल. आता सांगा, आज या मोकळ्या कशा? घरचं काम असतं ना यांना?

चांगुणाबाई: बहिनी आल्यात. त्या बसल्यात वलांडीवर.

साहेब: बहिणी जाणार कधी?

चांगुणाबाई: सांजच्या ओहोटीला.

साहेब: मग उद्या?

अरुणा: सर, मी दारापाशी बसवीन त्यांना, तिथून वलांडी—

साहेब: तुम्ही थांबा, बाई. मी यांना विचारतोय. माझ्या नोकरीत मी अशा एका दिवसाच्या मुली पुष्कळ पाहिल्या. रिबिनी लावून बसतात. नंतर नाव राहतं, मुलगी जाते. तसं असेल तर आत्ताच सांगा, मी आणखी एक खोटी यादी घेऊन जाणार नाही. तुमच्या घरात शाळेजोगी मुलं किती?

चांगुणाबाई: घरात?

साहेब: हो, घरात.

चांगुणाबाई: घरात एक बी नाय, साहेब. एक हाय, ती शालेत हाय.

साहेब: बाई, लिहून घ्या नाव. हिचं आणि बाकीच्या सगळ्यांचं. ही उजवीकडची कमी करा. नेमणूक मी चैत्रापर्यंत चालू ठेवतो, त्यापुढं मला अधिकार नाही. चैत्रात येऊन परत मोजीन.

चांगुणाबाई: जत्रेलाच या की. कोंबडी करू.

साहेब: जत्रा झाल्यावर येईन. पाहुणे गेले की. येतो.

*

अरुणा: मावशी, थोडं बसा ना. सकाळपासून उभ्याच आहात.

चांगुणाबाई: काय नाय झालं. साहेब बरा हाय, पन लय खोदतो.

अरुणा: तुम्ही त्यांना असं सांगून बसलात. मला बरं वाटलं, पण मी तुमच्यावर काही लादणार नाही. घरी सून काय म्हणेल?

चांगुणाबाई: बोंबलंल दोन दिस. बोंबीलवालीच ती.

अरुणा: आणि सेक्टरातली गिऱ्हाइकं? सकाळी नाही गेलात तर दुसऱ्या बायका शिरतील तिथं. इतक्या वर्षांची तुमची घरं आहेत ती.

चांगुणाबाई: शिरतीन. शाला सुटली की मी जाईन, जे उरंल ते घेऊन. उरलेलं खानारी बी मानसं असतान.

अरुणा: मग सोमवारपासून वलांडीवर, आणि काखेतलं पोर...

चांगुणाबाई: पोर माज्या मांडीवर, बाकीच्या घरी बी म्हाताऱ्या हाईत. ती काठी दे इकरं, गोजराच्या हातातली. अजून धरून बसलीय बघ. सोमवारपासून तू पोरी बघ, कावले मी बघतंय.